मागची ओळ

घणसोली, सेक्टर सात. नाल्यावरच्या पुलाला लागून
मोठं दुकान झालं, तेव्हा उद्घाटनाला
आम्हाला एकेक किलो साखर फुकट मिळाली होती.
ती संपली त्याला तीन वर्षं झाली.
राजगिऱ्याचं पीठ तेव्हापासून आलेलं नाही.

"उद्या येईल, काका."
सर्वेश घरत खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं वाटतं.
गाडी येते. गाडीतून केचप उतरतं.
पिठाच्या जागी केचप,
पातळ पोह्यांच्या जागी केचप,
पुढे एकच ओळ, प्रार्थनेला उभी केल्यासारखी ताठ,
मागे काही नाही.
बोटाने ढकललं की बाटली आत आत जाते
आणि विहिरीत डोकावल्यासारखं होतं.

मी रबाळ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं तारखा मारल्या.
बिस्किटांवर, खारीवर, एका दिवाळीत सोनपापडीवर.
मशीन फट् करायचं, शाईचे ठिपके उडायचे,
पुड्याची पत्रिका तयार.
म्हणून मला चष्मा नसला तरी कळतं
कुठला तीन आहे आणि कुठला झिजलेला आठ.

पिवळं स्टिकर नेमकं तारखेवरच कसं बसतं,
मी मॅनेजरला विचारलं.
तो म्हणाला, जागा तिथेच असते, सर.
तीस टक्के सूट. नखाने खरवडलं.
दही, उद्या.
पनीर, आज.
ब्रेड परवाच गेलेला, आणि तरी हजेरीला उभा.

आता तुम्ही म्हणाल, माणसाचंही असंच असतं.
असलं काही मला सांगू नका.
मी दह्याबद्दल बोलतोय.

ताजं मागे ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.
जुनं पुढे, जुनं आधी जावं म्हणून.
गोदामात मीच पोरांना शिकवायचो, आधी आलेलं आधी बाहेर,
आणि न ऐकणाऱ्याच्या नावाने ओरडायचो.
तर त्या दिवशी रव्याच्या रॅकमध्ये
कोपरापर्यंत हात घातला, चाचपत,
शेवटचा पुडा लागला, ओढला,
पुडा येईना.

पलीकडून कोणीतरी धरला होता.
रॅकचा मागचा पत्रा कधीचा निघालेला,
पलीकडे साबण; साबण बाजूला सारून
एक हात थेट मागच्या ओळीत आलेला,
दोन काचेच्या बांगड्या, मनगटावर पिठाचा नाही, मेंदीचा डाग.
"सोडा. मी आधी धरलाय."
"तारीख काय आहे?"
पलीकडे जरा शांतता.
"चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा."
पुडा माझ्याकडे सरकला.
कोणी असा भरवसा
बावीस वर्षांत माझ्या छापलेल्या आकड्यांवर ठेवला असेल का,
मला माहीत नाही.
"नोव्हेंबर," मी म्हणालो. "चांगला आहे. घ्या."
आणि परत आत ढकलला.

मग त्या वळसा घालून आल्या, मंदाकिनी गवाणकर, सी विंग,
हातात रवा आणि पाडलेले दोन साबण.
राजगिऱ्याचं ऐकून हसल्याच.
"कोपरखैरण्याला चक्की आहे, मच्छीमार्केटच्या मागे.
दाणे घेऊन जा, समोर दळून देतो."
"त्यावर तारीख?"
"पिशवी गरम लागते हाताला. तेवढीच."

दही मात्र मी घेतलं. तीस टक्के म्हणजे तीस टक्के.
विजू दोन दिवस कढी करेल आणि दोन दिवस बोलेल.
बाहेर पडताना, मागच्या दाराशी,
रिकाम्या क्रेटवर सर्वेश बसला होता,
परवाचा ब्रेड चहात बुडवून खात.
मला पाहून अर्धा उठला,
तोंडातला घास तसाच.
"उद्या नक्की, काका."
मी म्हटलं, "बस रे, बस. चहा निवेल."